स्लरी लाईनवरचा डेन्सिटी मीटर चुकीचं दाखवतोय? झिरो मारण्याआधी हे बघा

डेन्सिटी गडबड दाखवतेय असा कंट्रोल रूममधून फोन आला की इन्स्ट्रुमेंटमधला नवीन माणूस बहुतेक वेळा एकच करतो, हार्ट कम्युनिकेटर (मीटरची सेटिंग वाचायचं-बदलायचं हातातलं यंत्र) उचलतो, मीटरपाशी जातो, झिरो मारतो आणि परत येतो. आणि गंमत म्हणजे कधीकधी रीडिंग सुधारतंही, कारण तेवढ्यात ऑपरेटरनं लाईन फ्लश केलेली असते, मग तो माणूस पुढची कित्येक वर्षं झिरोच मारत राहतो. कोरिओलिस (ट्यूब थरथरवून फ्लो आणि डेन्सिटी दोन्ही मोजणारा) मीटरमधला झिरो हा फ्लोचा झिरो असतो, म्हणजे "आत्ता काही वाहत नाहीये" हे मीटरला शिकवणं, डेन्सिटीशी त्याचं काही देणंघेणं नाही. उलट स्लरी पूर्ण थांबलेली नसताना झिरो मारला की डेन्सिटी राहते तशीच आणि वर फ्लोही बिघडतो.

उदाहरण म्हणून मी थर्मल पॉवर स्टेशनच्या एफजीडीमधली (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी सिस्टिम) चुनखडीची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेली चुनखडीची भुकटी, घेतोय. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली, त्यानंतर आपल्याकडे या सिस्टिमची कामं निघाली आणि आयुष्यात कधी स्लरी न बघितलेल्या लोकांच्या गळ्यात हे मीटर पडले. (डहाणू आणि ट्रॉम्बेवाल्यांनी खुशाल हसावं, तिथं गॅस समुद्राच्या पाण्यानं धुतात, चुनखडीची भानगडच नाही.) पण राखेची स्लरी असो, गोव्याकडची लोहखनिज धुण्याची प्लांट असो की साखर कारखान्यातलं चुन्याचं पाणी, बघायची पद्धत तीच, फक्त आकडे बदलतात.

आधी तुमच्या लाईनवर नक्की काय बसलंय ते बघा

हे सांगायला वेडेपणा वाटेल पण मॅगमीटर डेन्सिटी मोजत नाही. तो फक्त व्हॉल्यूम फ्लो मोजतो. बऱ्याच स्लरी लाईनवर फ्लोला मॅगमीटर असतो आणि डेन्सिटीला शेजारी वेगळं काहीतरी असतं, आणि स्क्रीनवर दोन्ही आकडे एकाच चौकोनात दिसतात, त्यामुळे तक्रार एकाची आणि माणूस उभा दुसऱ्यासमोर असं होतं. डेन्सिटीसाठी साधारण तीन प्रकार भेटतात.

कोरिओलिसमध्ये ट्यूब सतत थरथरत ठेवलेली असते. आतला माल जड झाला की थरथर मंद होते, हलका झाला की जलद, त्यावरून डेन्सिटी निघते. फ्लो निघतो तो ट्यूबच्या दोन टोकांच्या हलण्यातल्या वेळेच्या फरकावरून. म्हणून तर झिरोचा डेन्सिटीशी संबंध नाही. दुसरा प्रकार न्यूक्लिअर, पाईपच्या एका बाजूला सोर्स, दुसऱ्या बाजूला डिटेक्टर, मधला माल जितका दाट तितके किरण कमी पोचतात. तिसरा डीपी ट्रान्समीटर, टाकीला किंवा उभ्या पाईपला ठरावीक उंचीच्या अंतरावर दोन टॅपिंग आणि त्यातला प्रेशरचा फरक. लेखात मुख्य कोरिओलिसच आहे, बाकी दोघांचं शेवटी बोलू.

थोडं गणित, टाळू नका

चुनखडीची स्वतःची डेन्सिटी २.७ च्या आसपास. त्या हिशोबानं पाणी १ धरलं तर वजनानं २० टक्के चुनखडी असलेली स्लरी १.१४४ येते, २५ टक्क्यांची १.१८७ आणि ३० टक्क्यांची १.२३३. म्हणजे ढोबळमानानं डेन्सिटीत ०.०१ चा फरक म्हणजे एक टक्का चुनखडी. हा आकडा पाठच करा, कारण ऑपरेटर टक्क्यात बोलतो आणि मीटर डेन्सिटीत, आणि "दोन टक्के फरक आहे" म्हणजे मीटरच्या भाषेत ०.०२ एवढाच फरक आहे हे कळलं नाही तर तुम्ही भलत्याच ठिकाणी शोधत बसाल.

फॉर्म्युला असा: एक भागिले स्लरीची डेन्सिटी बरोबर, घन मालाचा वजनी हिस्सा भागिले घन मालाची डेन्सिटी, अधिक पाण्याचा हिस्सा भागिले पाण्याची डेन्सिटी. लोहखनिजाचा माल ५ च्या आसपासचा धरला तर ५० टक्क्यांची स्लरी १.६६७ येते आणि एका टक्क्याला ०.०२२ च्या आसपास फरक पडतो, म्हणजे तिथं मीटरचं काम सोपं. चुनखडीत काम बारीक आहे.

आता हवा. कोरिओलिस ट्यूबमध्ये जे काही आहे त्या सगळ्याची मिळून डेन्सिटी दाखवतो, त्यात बुडबुडेही आले. व्हॉल्यूममध्ये ३ टक्के हवा शिरली की १.२३३ चं १.१९६ होतं, आणि टक्क्यात काढाल तर ३० ची स्लरी २६ दिसते. तीन टक्के हवा नुसत्या डोळ्याला कळतही नाही. माझ्या मते नवीन प्लांटमधल्या "मीटर कमी दाखवतो" या तक्रारींत सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो हवेवर, इलेक्ट्रॉनिक्सवर शेवटी.

पायरी १: मीटरचा डिस्प्ले आणि डीसीएस (कंट्रोल रूममधली कॉम्प्युटर सिस्टिम) जुळतात का

खुर्चीतून उठायच्या आधी नाही, मीटरसमोर उभं राहून, वॉकीटॉकीवर. लोकल डिस्प्लेवर १.२३ आणि स्क्रीनवर १.१८ असेल तर स्लरीचा काही दोष नाही, रेंज जुळत नाहीये. ट्रान्समीटरमध्ये ४ ते २० मिलीअँपला १.० ते १.५ भरलंय आणि डीसीएसमध्ये १.० ते १.४, असं असेल तर १२ मिलीअँपला एकीकडे १.२५ आणि दुसरीकडे १.२० दिसणार. मीटर बदलला, कार्ड बदललं, कोणीतरी बॅकअप टाकला, त्यानंतर हे हमखास होतं. दोन्हीकडची रेंज वाचून लिहून घ्या, "तीच असेल" म्हणू नका.

डेन्सिटी जुळते पण टक्के जुळत नाहीत असं असेल तर डीसीएसमधला टक्क्याचा ब्लॉक उघडा आणि घन मालाची डेन्सिटी काय भरलीय ते बघा. ॲब्सॉर्बरच्या (स्लरीनं धूर धुणारा टॉवर) स्लरीत चुनखडी थोडी आणि तिच्यापासून तयार झालेलं जिप्सम जास्त असतं, जिप्समची डेन्सिटी २.३ च्या आसपास, तिथं २.७ तसाच ठेवला असेल तर टक्के कायम कमी येणार. शिवाय ॲब्सॉर्बरच्या पाण्यात क्लोराईड साठत जातं, ते लिटरला २० ग्रॅमपर्यंत गेलं की नुसतं पाणीच १.०२ च्या घरात जातं, म्हणजे घन माल अजिबात नसताना दोन-तीन टक्के दिसायला लागतात. हा मीटरचा दोष नाही हे केमिस्टला समजावून सांगणं हे मात्र इन्स्ट्रुमेंटवाल्याचं काम आहे, काय करणार.

पायरी २: ट्रेंड लावा, आणि एकटा लावू नका

डेन्सिटीबरोबर त्याच खिडकीत टाकीची लेव्हल, पंपाचा करंट आणि फ्लो लावा, किमान गेल्या दोन-तीन दिवसांचा. अर्धं निदान इथंच होतं.

टाकीची लेव्हल एका पातळीखाली गेली की डेन्सिटी पडतेय आणि नाचतेय, लेव्हल वर आली की सुधारतेय, असं असेल तर पंपाच्या सक्शनला भोवरा होऊन हवा ओढली जातेय. डेन्सिटीची रेष एकदम सरळ, तिसऱ्या दशांशातसुद्धा हलत नाही, आणि ऑपरेटर म्हणतोय "किती छान स्टेबल आहे", तर मीटर ज्या बायपास लाईनवर आहे ती चोक झालेली आहे आणि ट्यूबमध्ये तोच जुना माल अडकून पडलाय. चालू स्लरी इतकी शांत कधीच नसते. डेन्सिटी आठवड्याभरात हळूहळू वर चढतेय आणि प्रत्येक फ्लशनंतर थोडी खाली येते पण पूर्ण खाली येत नाही, तर आत थर चढतोय.

आणि पंपाचा करंट हा तुमचा फुकटचा साक्षीदार आहे. फ्लो तोच आणि स्लरी खरंच दाट झाली तर पंपाला जास्त वजन ढकलावं लागतं, लोड साधारण त्याच प्रमाणात वाढतो. मीटर म्हणतोय १.२३ वरून १.२८ झाली, म्हणजे चारेक टक्के वाढ, आणि करंट हललाच नाही, तर मीटरवर संशय घ्या. करंटही वर गेला असेल तर स्लरीच दाट झालीय, तुम्ही चुनखडी दळणाऱ्या मिलवाल्यांकडे जा.

स्लरी खरंच पातळ झाली असण्याची शक्यता नवीन माणूस विसरतो. पंपाच्या ग्लँडचं (शाफ्टभोवतीचं सील) पाणी जास्त सोडलेलं, फ्लशिंगचा व्हॉल्व्ह पासिंग म्हणजे बंद असूनही आतून पाणी सोडणारा, मिलच्या वे-फीडरवर (माल वजन करून सोडणारा पट्टा) माल अडकलेला. फ्लशिंग व्हॉल्व्ह पासिंग ओळखायला सोपं, बंद असताना व्हॉल्व्हच्या खालच्या पाईपला हात लावा, पाणी वाहत असेल तर तो स्लरीच्या पाईपसारखा नाही, पाण्यासारखा थंड लागतो.

पायरी ३: सॅम्पल, आणि इथंच सगळे घोळ

मीटर चुकतोय हे कोण म्हणतंय? लॅब. लॅब कशावरून म्हणतेय? एका बादलीवरून. ती बादली कुठून, कशी, किती वाजता भरली हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आडव्या पाईपच्या बुडाला सॅम्पल व्हॉल्व्ह असेल तर जाड माल येणार, वरच्या बाजूला असेल तर पातळ. उभ्या पाईपवरचा, त्यातही मीटरच्या जवळचा पॉइंट घ्या. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून आधी पंधरा-वीस सेकंद सोडून द्या कारण त्या छोट्या नळीत मागचा बसलेला गाळ असतो. मग थेट मापाच्या डब्यात भरा. बादलीत घेऊन मग डब्यात ओतलं की ताक न ढवळता वाढल्यासारखं होतं, वरचं पाणी एकाच्या वाट्याला आणि खालचं दाट दुसऱ्याच्या. डबा काठोकाठ भरून वाहू देत बसू नका, वाहून जातं ते पातळ आणि खाली राहतो तो जड माल. एका दमात भरा, थांबा.

मार्सी स्केल (डबा टांगला की स्लरीची डेन्सिटी थेट दाखवणारा काटा) असेल तर आधी पाणी भरून काटा बरोबर १ वर येतो का ते बघा, बऱ्याच प्लांटमध्ये तो काटा कोणीतरी पाडलेला असतो. नसेल तर एक लिटरचा स्टीलचा डबा आणि ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. समजा रिकामा डबा ४१२ ग्रॅम, पाणी भरून १४०८, स्लरी भरून १६४०. स्लरी निव्वळ १२२८, पाणी निव्वळ ९९६, भागाकार १.२३३. आता बघा, हा आकडा पाण्याच्या तुलनेतला आहे. पाणी ३० डिग्रीला असेल तर त्याची डेन्सिटी ०.९९५७, त्यानं गुणलं की खरी डेन्सिटी १.२२८. मीटर खरी डेन्सिटी दाखवतो, लॅब तुलनेची देते, ०.००५ चा फरक इथंच पडला, म्हणजे अर्धा टक्का चुनखडी आणि कोणाचीच चूक नाही.

सॅम्पल किती वाजता घेतलं ते मिनिटासकट लिहा आणि ट्रेंडवर त्याच मिनिटाचा आकडा वाचा. दुपारी तीनच्या सॅम्पलची तुलना संध्याकाळी सहाच्या स्क्रीनशी करून मेल पाठवणारे लोक आहेत. एका सॅम्पलवर निकाल लावू नका, लागोपाठ तीन घ्या, तीन आपसातच जुळत नसतील तर आधी सॅम्पलची पद्धत सुधारा, मीटर नंतर.

ओव्हनमध्ये सुकवून टक्के काढत असाल तर चुनखडीला १०५ डिग्री चालतं, पण जिप्समला नाही, त्याच्यातलं स्फटिकातलं पाणीही उडायला लागतं आणि घन माल कमी भरतो. जिप्सम ४० ते ४५ डिग्रीवरच सुकवायचं, वेळ लागतो, लागू द्या.

एक शेवटचं यातलं. ॲब्सॉर्बरच्या स्लरीत ऑक्सिडेशनची हवा सोडलेलीच असते. सॅम्पल डब्यात घेतल्यावर फेस वर येतो, बुडबुडे निघून जातात, लॅबवाला फेस बाजूला करून वर भरून वजन करतो. मीटर मात्र हवेसकट मोजत होता. मग मीटर कमी आणि लॅब जास्त, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. इथं मीटरला ऑफसेट घालून लॅबशी जुळवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण हवा रोज सारखी नसते.

पायरी ४: पाण्याची परीक्षा

ही एक पायरी नीट केलीत तर बाकी सगळं सोपं. परमिट घ्या, ऑपरेटरला सांगून डेन्सिटीचा आपोआप चालणारा कंट्रोल लूप मॅन्युअलला टाकायला लावा, नाहीतर तुम्ही पाणी सोडाल आणि तिकडे कंट्रोल व्हॉल्व्ह स्लरी पातळ झाली समजून वेडावाकडा उघडेल. स्लरी आयसोलेट करा, फ्लशचं पाणी सोडा आणि लोकल डिस्प्लेसमोर उभं राहा.

आकडा उतरताना बघायला शिका. १.२३ वरून भराभर १.१०, मग १.०४, मग १.०१, आणि मग सावकाश ०.९९ च्या घरात येऊन बसतो. १.०१ ला येऊन रेंगाळला की घाई करू नका, आत कोपऱ्यात माल असेल, आणखी पाच-दहा मिनिटं पाणी चालू ठेवा. मग मीटर पाण्यानं गच्च भरलेला आहे याची खात्री करा, पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की प्रेशर चढतं आणि उरलेली हवा दबते.

पाण्याचं तापमान मीटरच दाखवतो. २५ डिग्रीला ०.९९७, ३० ला ०.९९६, ३५ ला ०.९९४, ४० ला ०.९९२, ५० ला ०.९८८. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात उघड्यावरच्या टाकीतलं पाणी चाळिशीला सहज टेकतं, तिथं १.००० यायलाच पाहिजे म्हणून हट्ट धरू नका. आणि फ्लशिंगचं पाणी खरंच साधं पाणी आहे ना ते बघा, एफजीडीत कधीकधी रिक्लेम वॉटर (स्लरीतून परत मिळवलेलं पाणी) फ्लशला जोडलेलं असतं, त्याची डेन्सिटीच १.०१ असू शकते. शंका असेल तर त्याच पाण्यात हायड्रोमीटर बुडवा.

आता निकाल. पाण्यावर मीटर तापमानाच्या आकड्याला ०.००२ च्या आत जुळला, तर मीटर ठणठणीत आहे, त्याच्या सेटिंगला हात लावायचा नाही, भांडण हवेशी किंवा सॅम्पलशी आहे. मस्त फ्लश करूनही १.०२, १.०३ वर अडून बसला, तर थर. पाण्यावरसुद्धा कमी आणि नाचतोय, तर मीटर भरलेला नाही किंवा हवा अडकलीय. स्थिर आहे पण चुकीचा आहे आणि थरही नाही, तर सेटिंग किंवा झीज.

पायरी ५: हवा शोधणं

मीटरच्या डायग्नोस्टिकमध्ये ड्राईव्ह गेन किंवा त्यासारखं काहीतरी नाव असलेला आकडा असतो, ट्यूब थरथरत ठेवायला किती जोर लावावा लागतोय त्याचा. साध्या पाण्यावर तो किती असतो ते बघून ठेवा. स्लरीवर तो एकदम चढला, उड्या मारतोय, शंभर टक्क्यांना चिकटलाय, तर बहुतेक हवा. ट्यूब दोन असतील आणि एक अर्धी चोक झाली असेल तरी तो चढतो, हे लक्षात असू द्या, फरक असा की चोकमध्ये फ्लशनंतर सुधारतो आणि हवेत फ्लशचं पाणी चालू असताना लगेच शांत होतो आणि स्लरी सुरू केली की परत बोंब.

हवा शिरते कुठून? टाकीची लेव्हल कमी आणि सक्शनला भोवरा. रिटर्न लाईन टाकीत वरून धबधब्यासारखी पडते, पाण्याच्या पातळीखाली नेलेली नाही. ॲजिटेटर कमी लेव्हलला चालू ठेवल्यावर वरून हवा घुसळतो. पंपाच्या सक्शन बाजूची ग्लँड किंवा फ्लँज, तिथून थेंबही गळत नाही कारण तिथं बाहेरून आत ओढलं जातं, म्हणून कोणाला संशय येत नाही. मीटर कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढं बसवला असेल तर प्रेशर पडून बुडबुडे मोठे होतात, तो व्हॉल्व्हच्या आधी हवा. प्रेशर वाढवून बघणं हा झटपट उपाय आहे: मीटरपुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळून प्रेशर वाढवा, डेन्सिटी लगेच वर आली तर हवा होतीच. मात्र आवळताना फ्लोवर नजर ठेवा, स्लरीचा वेग मीटर-दीड मीटर प्रति सेकंदाच्या खाली गेला की आडव्या पाईपात गाळ बसायला लागतो आणि तुम्ही नवीन दुखणं तयार करता.

बसवण्याबद्दल एवढंच, स्लरीला कोरिओलिस उभ्या पाईपवर, स्लरी खालून वर जाणारी. आडव्यात बसवला असेल आणि ट्यूबचा पोटाचा भाग खाली लोंबतोय तर तिथं प्रत्येक बंदला गाळ साठणार, कितीही कॅलिब्रेट करा. नवीन प्लांटमध्ये हे ड्रॉइंगवरच पकडायला हवं, पण ड्रॉइंग इन्स्ट्रुमेंटवाल्याला कोण दाखवतं.

पायरी ६: थर आणि झीज

थर आला की डेन्सिटी जास्त दाखवते कारण ट्यूबवर कायमचं वजन चढलेलं असतं. चुनखडीचा थर असेल तर सल्फॅमिक किंवा सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणात निघतो, गॅस सुटतो म्हणून व्हेंट उघडा ठेवा, गॉगल-हातमोजे न सांगता. हायड्रोक्लोरिक अजिबात नाही, स्टीलच्या ट्यूबला ते खड्डे पाडतं, आणि ट्यूब कुठल्या धातूची आहे ते नेमप्लेटवर बघून मॅन्युअल वाचूनच कुठलंही ॲसिड. जिप्समचा थर मात्र ॲसिडला दाद देत नाही, तिथं मीटर उतरवून जेटिंगच. आत लोखंडी सळी घालून खरवडणाऱ्यांपासून मीटर लांब ठेवा.

झीज ही सावकाश होते. ट्यूब पातळ झाली की वजनही घटतं आणि कडकपणाही, त्यामुळे डेन्सिटी कुठल्या बाजूला सरकेल हे झीज कुठं झालीय त्यावर ठरतं, नुसत्या दिशेवरून अंदाज बांधू नका. हल्लीच्या मीटरमध्ये ट्यूबचा कडकपणा तपासणारं व्हेरिफिकेशन फंक्शन असतं, लाईन न उतरवता चालतं, ते चालवा. त्यात फेल आला आणि पाण्यावरही जुळत नसेल तर ती ट्यूब फुटायच्या रस्त्यावर आहे, कॅलिब्रेशन करून वेळ मारून नेऊ नका, बदली मागवा.

पायरी ७: आता सेटिंग, शेवटी

ट्रान्समीटर नुकताच बदलला असेल तर आधी इथंच या. सेन्सरच्या प्लेटवर त्या सेन्सरचे डेन्सिटीचे आकडे कोरलेले असतात, काही मेकमध्ये डी१, डी२, के१, के२ अशा नावांनी, काहींमध्ये वेगळ्या. ते आकडे सेन्सरचे असतात, ट्रान्समीटरचे नाहीत, नव्या ट्रान्समीटरमध्ये ते भरले नाहीत तर तो दुसऱ्याच कुठल्या सेन्सरचा हिशोब लावून बोलतो. प्लेटचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दोन-चार वर्षांत त्यावर इतकी स्लरी वाळते की वाचता येत नाही.

मग युनिट बघा, ग्रॅम प्रति सीसी की किलो प्रति घनमीटर. रेफरन्स तापमानाला आणलेली डेन्सिटी दाखवायचं ऑप्शन चुकून चालू नाही ना ते बघा, ते तेलासाठी असतं, स्लरीला लावलं की भलतेच आकडे. डॅम्पिंग (रीडिंगचा नाच कमी करायला किती सेकंदांत ते सपाट करतो) किती आहे ते बघा.

यातलं सगळं बरोबर आहे, पाण्यावर मात्र स्थिर फरक येतोय, थर नाही, झीज नाही, तेव्हा आणि तेव्हाच फील्ड डेन्सिटी कॅलिब्रेशन. ते हवा आणि पाणी अशा दोन बिंदूंवर असतं. हवेच्या बिंदूला ट्यूब आतून खडखडीत कोरडी हवी, एक चमचा पाणी राहिलं तरी वाट लागते, आणि प्लांटमध्ये ती तशी कोरडी करणं सोपं नाही, म्हणून मी तर मीटर बनवणाऱ्याकडे किंवा केरळात पालक्काडला एफसीआरआयसारख्या लॅबकडे पाठवायच्या बाजूचा आहे. जुने आकडे लिहून घेतल्याशिवाय नवीन सेव्ह करू नका.

न्यूक्लिअर आणि डीपीवाल्यांसाठी

न्यूक्लिअर गेज असेल तर सगळ्यात पहिलं, तुम्ही एकट्यानं त्याला हात लावायचा नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली ते येतं, प्लांटचा रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असतो, शटर बंद करून लॉक झाल्याशिवाय त्या पाईपवर कोणीही काम करायचं नाही. दोष तीन प्रकारचे जास्त. सोर्स सीझियम १३७ चा असेल तर त्याचं अर्धआयुष्य ३० वर्षांचं, म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास ताकद कमी होते, ती भरपाई मीटरमध्ये बंद असेल किंवा तारीख चुकीची असेल तर किरण कमी आले म्हणून मीटरला माल दाट वाटत जातो. पाईपची स्टीलची भिंत आतून झिजली की उलट, किरण जास्त पोचतात आणि डेन्सिटी कमी दिसते. आणि शटडाऊनमध्ये फॅब्रिकेशनवाल्यांनी तो पाईपचा तुकडा बदलला, नव्याची जाडी वेगळी, आणि तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, मग चालू झाल्यापासून मीटर चुकतोय अशी तक्रार. पाईप बदलला की पाण्यावर परत स्टँडर्डाइज करावंच लागतं.

डीपीमध्ये टॅपिंगमधलं अंतर एक मीटर असेल तर पाण्यावर १००० मिलिमीटर वॉटर कॉलम आणि ३० टक्के चुनखडीवर १२३३, म्हणजे सगळा खेळ २३३ मिलिमीटरचा. टॅपिंगच्या तोंडाशी गाळ बसला की रीडिंग गोठतं, म्हणून फ्लश रिंग (तोंड पाण्यानं धुता यावं म्हणून बसवलेली रिंग) हवी. वरचं टॅपिंग कायम बुडालेलं हवं. आणि रिमोट सील असतील तर कॅपिलरी (सीलपासून ट्रान्समीटरपर्यंत जाणारी तेल भरलेली बारीक नळी) बघा, एक नळी उन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर रोज दुपारी बारा ते चार डेन्सिटी सरकते आणि रात्री आपोआप बरी होते, त्यावर उपाय म्हणजे दोन्ही नळ्या एकत्र बांधून वर पत्र्याची सावली.

साखर कारखान्यातल्या मंडळींना एक वेगळं: तुमच्याकडे चुन्याचं पाणी बॉमेत (द्रवाच्या दाटपणाचं एक जुनं माप) मोजतात, मीटर ग्रॅम प्रति सीसीत. १४५ मधून बॉमे वजा करा आणि १४५ ला त्या उत्तरानं भागा, १५ बॉमे म्हणजे १.११५. हे पत्र्यावर लिहून मीटरशेजारी लावलं की निम्मे फोन बंद होतात.

नोंद

प्रत्येक मीटरचं एक पान करा. तारीख, पाण्याचं तापमान, पाण्यावरची डेन्सिटी, पाण्यावरचा ड्राईव्ह गेन, आणि सेटिंगचे आकडे. नवीन मीटर बसवला त्या दिवशीच पहिली ओळ लिहा, ट्यूब स्वच्छ असतानाची, पुढच्या सगळ्या तुलना त्या ओळीशी होतात. नंतर महिन्यातून एकदा, फ्लश होतेच आहे तर त्याच वेळी. ऑपरेशनवाल्यांनी लॅबशी जुळवण्यासाठी डीसीएसमध्ये बायस (रीडिंगमध्ये कायम मिळवला जाणारा आकडा) टाकला असेल तर तोही त्याच पानावर, कोणी टाकला आणि कधी टाकला त्यासकट, आणि मीटर साफ केल्यावर तो काढायला लावा.